पॅटर्न इन्कॉग्निटाचा, डीएनए भलत्याचाच

ऑगस्ट २०१८. राहात्याजवळच्या एका पेरूच्या बागेत मी चिखलात उकिडवी बसले होते आणि काका कुदळीने बुंध्याजवळची माती ओढत होते. दोन वर्षांची बाग, तैवान पिंक. एकाच ओळीत काही झाडं ठणठणीत, काहींची पानं तांबूस पडलेली, आणि तीन झाडांच्या नुसत्या काड्या उरलेल्या. "मर रोग आहे म्हणाले, म्हणून बुरशीनाशकाच्या तीन आळवण्या केल्या मॅडम. काही फरक नाही." मुळी वर आली तसे ते गप्प झाले. पांढरी मुळी औषधालाही नव्हती. होत्या त्या गाठी, एकमेकींत मिसळलेल्या, आल्याच्या गड्ड्यासारख्या.

गाठी पाहून 'निमॅटोड आहे', म्हणजे सूत्रकृमी, मातीतला बारीक जंत, हे सांगायला पीएचडी लागत नाही. काकांनीही ते ओळखलं होतं. त्यांचा प्रश्न पुढचा होता. बाग काढून टोमॅटो लावायचा तर नर्सरीवाला एक संकरित जात देत होता, निमॅटोडला दाद न देणारी. लावावी का? मी म्हटलं, आधी हा कुठला निमॅटोड ते बघू द्या, महिन्याभरात सांगते. तो महिना दीड वर्षाचा झाला.

गाठी करणाऱ्या सूत्रकृमींच्या प्रजातीचं नाव मेलॉइडोगायनी. ग्रीक शब्दांची फोड केली तर 'फळासारखी गोल बाई' असा काहीसा अर्थ निघतो, आणि तो अगदी चपखल आहे. पिल्लू दोऱ्यासारखं असतं, अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. ते मुळीत शिरतं, एका जागी ठाण मांडतं आणि मादी झाली की फुगत फुगत मोत्यासारखी पांढरी, मान पुढे आलेल्या भोपळ्यासारखी होते. पुन्हा जागची हलत नाही. या प्रजातीत शंभराच्या आसपास जाती आहेत. १९४९ पर्यंत मात्र साऱ्यांना एकाच नावाखाली कोंबलं जायचं. त्या वर्षी चिटवुड या शास्त्रज्ञाने मादीच्या मागच्या टोकाच्या कातडीवरच्या रेघा बघून त्यांच्या वेगवेगळ्या जाती केल्या. तीच पद्धत आम्ही आजही पहिल्या सत्रात शिकतो. नाव पेरिनियल पॅटर्न, आमच्या तोंडी नुसतं 'पॅटर्न'.

पॅटर्न कापणं हे काम वाचून येत नाही. गाठ सुईने उसवायची, मादी न फुटता बाहेर काढायची. ती लॅक्टिक आम्लाच्या थेंबात ठेवायची आणि डोळ्याच्या शस्त्रक्रियेच्या बारीक पात्याने मागचं टोक कापायचं. आतला लगदा बांबूच्या तासलेल्या काडीने पुसत पुसत काढायचा. शेवटी उरते ती कातडीची टिकली. ती चौकोनी कातरून ग्लिसरीनमध्ये बसवायची, बाहेरची बाजू वर. शिंक आली तर संपलं. उलटी बसली तरी संपलं, पण ते काचेची झाकणी लावल्यावर कळतं. पहिल्या वर्षी मी चाळीसेक माद्या वाया घालवल्या तेव्हा कुठे एक धड पॅटर्न दिसला.

दिसलं की मात्र अंगठ्याचा ठसा पाहिल्यासारखं वाटतं. मध्ये योनीची आडवी फट, वर गुदद्वार, आणि भोवती रेघांची वळणं. वरची कमान उंच आणि चौकोनी खांद्यांची असेल तर इन्कॉग्निटा. दोन्ही बाजूंनी आडवी स्पष्ट रेघ जाऊन वरचा-खालचा भाग वेगळा पडत असेल तर जावानिका. कमान बसकी, गोलसर असेल तर अरेनेरिया. शेपटीच्या टोकाशी टाचणीने टोचल्यासारखे ठिपके असतील तर हॅप्ला. आकृत्यांमध्ये हे इतकं सुरेख काढलेलं असतं की परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क पडतात.

काकांच्या बागेतल्या दहा स्लाइड मी केल्या. आठांत कमान उंच, दोनांत जरा गोल. आपल्याकडे इन्कॉग्निटा भाजीपाल्यापासून डाळिंबापर्यंत सगळीकडे सापडतो, त्यामुळे डोळ्यांना तेच दिसायची सवय. मी दहाच्या दहा लेबलांवर काळ्या शाईने 'मे. इन्कॉग्निटा' लिहिलं आणि काकांना फोन करून टाकला. नेहमीचाच आहे, असं मी त्यांना सांगितलं. त्या फोनची मला अजून लाज वाटते.

इन्कॉग्निटा या नावाची एक गंमत आहे, ती इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९१९ मध्ये अमेरिकेत सैनिकांच्या शौचाच्या तपासणीत काही अनोळखी अंडी सापडली. माणसाच्या पोटातला नवा जंत म्हणून त्याला 'अनोळखी' अशा अर्थाचं हे नाव दिलं गेलं. पुढे १९२३ मध्ये उलगडा झाला की ती अंडी झाडांच्या मुळांतल्या सूत्रकृमीची. सैनिकांनी गाठी आलेली कंदमुळं खाल्ली होती, एवढंच. जंत हद्दपार झाला, नाव राहिलं.

माझ्या मार्गदर्शक सरांनी स्लाइड पाहिल्या, मान डोलावली आणि विचारलं, "पेरूवरच्या ना? मग डीएनए कर." २०१६ मध्ये तामिळनाडूत पेरूवर एन्टेरोलोबी नावाची जात नोंदली गेली होती आणि पेरूची रोपं हल्ली कुठून कुठे जातात याचा हिशेब नव्हता. काकांची रोपंही परराज्यातून ट्रकने आलेली, मातीच्या पिशवीसकट. एन्टेरोलोबीचा पॅटर्न इन्कॉग्निटासारखा दिसू शकतो, हेही सरांनी त्याच दमात सांगितलं. मी म्हटलं, सर, माद्या ठेवल्यात अजून वीस-पंचवीस. "कशात?"

फॉर्मलीनमध्ये. मुळ्या तर मी केव्हाच फेकून दिल्या होत्या.

फॉर्मलीनमध्ये आकार छान टिकतो. डीएनए मात्र त्यात प्रथिनांशी जखडला जातो आणि तुटतो. तरी मी हट्टाने महिनाभर प्रयत्न केले. आमच्या टोमॅटोच्या कुंडीतल्या इन्कॉग्निटाचा पट्टा जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर, लखलखीत यायचा आणि शेजारच्या पेरूच्या सगळ्या खणांत अंधार. प्रयोगशाळेतले मामा रोज विचारायचे, "आज काय दिसलं?" मी म्हणायचे, "काळोख." दोन्ही कामं करायची तर खारवलेल्या डीएमएसओचं, एका रासायनिक द्रावकाचं, द्रावण वापरतात, त्यात आकारही राहतो आणि डीएनएही. ते मला माहीत होतं. कपाटात बाटलीही होती. पण हाताला सवय फॉर्मलीनची.

नोव्हेंबरात परत गेले. मधल्या काळात काकांनी तीन ओळी उपटून बांधावर पेटवल्या होत्या. उरलेल्या झाडांच्या मुळ्या या वेळी ओल्या मातीसकट पिशवीत, आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी, पिशव्या थर्माकोलच्या डब्यात. शाईने लिहिलं की ओलीने पुसतं, आणि गाडीच्या मागच्या काचेपाशी ठेवलं की उन्हाने माल मरतो. या दोन्ही चुका माझ्या आधीच्या लोकांनी करून ठेवलेल्या असल्यामुळे मला कराव्या लागल्या नाहीत.

या खेपेला सरांची अट एकच होती. पॅटर्न एका मादीचा आणि डीएनए दुसरीचा, असं चालणार नाही. एकाच गाठीत दोन जातींच्या माद्या शेजारी शेजारी बसलेल्या असू शकतात. एकीची रेघ आणि दुसरीचा पट्टा जुळवून काढलेलं नाव म्हणजे एकाच्या आधार कार्डावर दुसऱ्याचा फोटो. तेव्हा दोन्ही पुरावे एकाच मादीचे हवेत.

त्यासाठी क्रम उलटा करावा लागला. लॅक्टिक आम्लात डीएनएचं मातेरं होईल म्हणून मादी आधी मिठाच्या सौम्य पाण्याच्या थेंबात ठेवायची आणि तिथेच मागचं टोक कापायचं. पुढचं धड, मानेसकट, बारीक टोकाच्या पिपेटने उचलून इवल्याशा नळीत टाकायचं. नळीत विरघळवणारं द्रावण आणि प्रथिनं पचवणारं विकर. मग टोकाची कातडी दुसऱ्या थेंबात, लॅक्टिक आम्लात, नेऊन साफ करायची. नळीवर आणि स्लाइडवर एकच आकडा. प्रत्येक मादीनंतर पातं बदलायचं, नाहीतर आधीच्या मादीचा डीएनए पुढच्या नळीत. एका मादीला पाऊण तास जायचा. नळी ६५ अंशांवर तासभर, मग विकर निकामी करायला ९५ वर दहा मिनिटं, आणि थेट पीसीआरला, म्हणजे डीएनएचा हवा तो तुकडा वाढवून त्याच्या असंख्य प्रती काढायला.

बारा माद्यांपैकी नऊंचे पॅटर्नही टिकले आणि डीएनएही मिळाला. पहिल्यांदा मायटोकॉन्ड्रियातला एक तुकडा वाढवला. या तुकड्याची लांबीच बोलकी असते. इन्कॉग्निटा आणि जावानिकात तो साधारण १७०० बेसचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा, भरतो, एन्टेरोलोबीत ७०० च्या आसपास. जेल अतिनील दिव्यावर ठेवलं. लांबी मोजायच्या शिडीच्या शेजारून एक, दोन, तीन, चार... पट्टे खाली, सातशेपाशी, ओळीने. सहाव्या खणात मात्र पट्टा वर, १७०० ला. उरलेले पुन्हा खाली. रिकाम्या नळीच्या खणात काही नाही, म्हणजे भेसळ नाही. मी मामांना हाक मारली. त्यांनी जेलकडे पाहून विचारलं, "हा एकटाच का वर बसलाय?"

तोच तर प्रश्न होता. जातीनिहाय प्रायमर, म्हणजे ठराविक जातीचाच तुकडा पकडणारे छोटे डीएनए, लावून पाहिले. आठ माद्यांना एन्टेरोलोबीच्या प्रायमरने ५२० चा पट्टा दिला, सहाव्या मादीने इन्कॉग्निटाच्या प्रायमरने १२०० चा. बागेत दोन्ही होते. मुख्य वस्ती नव्या पाहुण्याची, आणि जुना रहिवासी कोपऱ्यात.

मग मी जे केलं त्याने माझी पॅटर्नवरची श्रद्धा बरीच हलली. नऊ पॅटर्नचे फोटो आकडे झाकून टेबलावर मांडले आणि त्यातला इन्कॉग्निटा ओळखायला बसले. चुकले. सरांना बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून, फोटो नाकाशी धरून, बराच वेळ घेऊन दोन वेगळे काढले. दोन्ही एन्टेरोलोबी निघाले. खऱ्या इन्कॉग्निटाची कमान त्या नऊंत सगळ्यात बसकी होती. सर हसले नाहीत. "माझ्या जुन्या पेट्या उघडायला हव्यात," एवढंच म्हणाले.

तुकड्यांचा क्रम वाचून आला तो मी ब्लास्टला, म्हणजे जगभरच्या जमा झालेल्या क्रमांशी ताडून पाहणाऱ्या प्रणालीला, लावला. आठांचं एन्टेरोलोबीशी जवळजवळ शंभर टक्के साम्य. पण खाली यादीत त्याच साम्याने एक नोंद इन्कॉग्निटाच्या नावानेही होती! क्षणभर पोटात गोळा आला. ती नोंद उघडली तर तिच्यामागे ना पॅटर्न, ना मोजमाप, ना ठेवलेली स्लाइड. कुणीतरी माझ्यासारखंच आधी नाव ठरवून मग क्रम जमा केला असणार. डेटाबेस म्हणजे पंचांग नाही, हे मला त्या संध्याकाळी कळलं. वंशवृक्ष काढल्यावर ती नोंद आणि आमच्या आठ माद्या एकाच फांदीवर बसल्या, इन्कॉग्निटाच्या खात्रीच्या नोंदींपासून लांब.

जनुकं सरळ आणि आकार फसवा, इतकं सोपंही हे नाही. इन्कॉग्निटा, जावानिका आणि अरेनेरिया यांचा राइबोसोमचा नेहमीचा तुकडा घेतला तर तिघी एकाच घोळक्यात पडतात, वेगळ्या निघत नाहीत. या माद्या नराशिवायच अंडी घालतात, पिल्लं आईची नक्कल. त्यांचे पूर्वज संकरातून आलेले, गुणसूत्रांचे जादा संच बाळगणारे. एकमेकांत प्रजनन होतं ती एक जात, ही शाळेतली व्याख्या इथे लावायची कुणाला? एन्टेरोलोबीचंच बघा. १९८३ मध्ये चीनच्या हैनान बेटावरच्या एका झाडाच्या मुळांवरून तिचं वर्णन झालं. १९८८ मध्ये पोर्तो रिकोत वांग्यावर सापडलेल्या सूत्रकृमीला मायाग्वेन्सिस हे वेगळं नाव मिळालं. २००४ मध्ये मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए ताडून पाहिला तेव्हा दोघी एकच निघाल्या. त्या वेळी रेघांनी एकाची दोन नावं केली होती. आमच्याकडे रेघांनी दोघांचं एक केलं.

सर म्हणाले, आता डीएनएने नाव सांगितलंय तर परत सूक्ष्मदर्शकाकडे जा आणि आकारात काय सुटलं ते शोध. अडचण अशी की त्या नऊ माद्यांची डोकी मी नळीत विरघळवून बसले होते, आणि पाहायचं होतं नेमकं डोकं. म्हणून एकेक अंडीपुंज उचलून, निर्जंतुक मातीतल्या पुसा रुबी टोमॅटोच्या रोपांवर सोडून, शुद्ध वस्त्या वाढवल्या. एका पुंजात तीन-चारशे अंडी, सगळी एकाच आईची. प्रत्येक वस्तीची ओळख पुन्हा पीसीआरने पटवली.

त्या वस्त्यांतल्या माद्यांच्या तोंडातली सुई, स्टायलेट, तेलाच्या भिंगाखाली पाहिली. सुईच्या बुडाशी तीन गाठी असतात. एन्टेरोलोबीच्या मूळ वर्णनात लिहिलंय की प्रत्येक गाठीवर उभी खाच असते, त्यामुळे एकेक गाठ दोन असल्यासारखी दिसते. मी ते वाक्य पाठ म्हणू शकले असते, पण दिसत नव्हतं. तिसऱ्या दिवशी, प्रकाश कमी करून बारीक फोकस जेमतेम हलवला आणि ती खाच उमटली, तांदळाच्या दाण्यावर नखाची रेघ ओढावी तशी. एकदा दिसली की प्रत्येक मादीत दिसायला लागली. पिल्लांची लांबी, शेपटी हेही मोजलं, पंचवीस-पंचवीस. सरासरीत फरक होता, एन्टेरोलोबीची पिल्लं थोडी लांब. पण आकडे एकमेकांवर इतके चढलेले की एकटं पिल्लू हातात देऊन जात विचारली तर मी आजही सांगणार नाही.

राहिला काकांचा टोमॅटो. निमॅटोडला दाद न देणाऱ्या जातींत एमआय नावाचं जनुक असतं. ते इन्कॉग्निटा, जावानिका, अरेनेरियाला रोखतं, एन्टेरोलोबीला नाही. हे छापील माहीत होतं, तरी काकांना सांगायचं तर त्यांच्याच बागेतल्या वस्तीवर पाहून सांगावं असं वाटलं. मार्च-एप्रिल २०१९ मध्ये शेडनेटमध्ये कुंड्या मांडल्या. दीड महिन्याने उपटल्या तर एमआयवाल्या रोपांवर भरघोस गाठी. मी आनंदाने फोटो घेऊन सरांकडे गेले. ते म्हणाले, "मातीचं तापमान किती होतं?"

एमआय जनुक २८ अंशांच्या वर ढेपाळतं, मग इन्कॉग्निटाही आत शिरतो. नगरच्या एप्रिलमध्ये कुंडीतली माती किती तापली असेल ते सांगायला नको. मी थर्मामीटरही ठेवला नव्हता, आणि तुलनेला इन्कॉग्निटाची वस्तीही लावली नव्हती. सगळं बाद. डिसेंबरात पुन्हा मांडलं, दोन्ही वस्त्या, दोन्ही जाती, प्रत्येक ओळीत थर्मामीटर. थंडीत वाढ रेंगाळली, दोन महिने लागले. फेब्रुवारीत धुतलेल्या मुळ्या ट्रेमध्ये ओळीने ठेवल्या. एमआयवाल्या रोपांवर इन्कॉग्निटाच्या ओळीत मुळ्या जवळजवळ स्वच्छ, एन्टेरोलोबीच्या ओळीत गाठीच गाठी. पुसा रुबीवर दोन्हीकडे गाठी.

काकांना फोन केला. आधी सांगितलं होतं ते चुकीचं होतं, हे पहिल्यांदा सांगितलं. ती टोमॅटोची जात तुमच्या त्या रानात टिकणार नाही, आणि पुढची रोपं घ्याल तेव्हा पिशवी फोडून मुळी बघितल्याशिवाय घेऊ नका. ते जरा थांबून म्हणाले, "टोमॅटो गेल्या हंगामातच लावला ताई, अर्धा एकर. तुमच्या पहिल्या फोनवर." किती निघाला, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. या वर्षी मका टाकणार आहे म्हणाले, आणि या निमॅटोडचं नाव परत एकदा सावकाश सांगायला लावून कागदावर लिहून घेतलं.

त्या पहिल्या दहा स्लाइड अजून माझ्या पेटीत आहेत. प्रबंध जमा करण्याआधी लेबलं बदलायला बसले तेव्हा आधी एन्टेरोलोबी लिहायला घेतलं होतं. पण त्या माद्यांचा डीएनए माझ्याकडे नाही, आणि नऊंत एक इन्कॉग्निटा होता, तर त्या दहांतही असू शकतो. कुठला, ते रेघांवरून मला सांगता येत नाही. इन्कॉग्निटा खोडून दहाही लेबलांवर पेन्सिलीने 'मेलॉइडोगायनी, जात अनिश्चित' लिहिलं आणि पेटी बंद केली.